एमबीए सीईटीचं गणित गटानं सोडवायचं असेल तर

राज्य सीईटी कक्षाच्या एमबीए प्रवेश परीक्षेत 200 प्रश्न असतात आणि वेळ 150 मिनिटं. त्यातले 50 प्रश्न गणिताचे. शेकडेवारी, नफा-तोटा, गुणोत्तर, सरासरी, व्याज, काळ-काम-वेग, संख्या, थोडी भूमिती आणि तक्त्यांवरचे प्रश्न, असा सगळा ओळखीचा माल. भागाकार केला तर एका प्रश्नाच्या वाट्याला 45 सेकंद येतात.

यातलं बहुतेक गणित दहावीपर्यंत आपण सगळ्यांनी केलेलं असतं. तेव्हा रीत लिहून दाखवायची होती, आता 45 सेकंदांत उत्तर हवं असतं. म्हणजे लांबची वाट बरोबर असली तरी कामाची नाही. आणि जवळची वाट एकट्यानं अभ्यास करणाऱ्याला सहसा सापडत नाही, कारण उत्तर जुळलं की आपण पान उलटतो. तीच वाट शेजारी बसलेल्याच्या वहीत लगेच दिसते. गट करायचा तो यासाठी. एकमेकांकडून उत्तरं मिळवायला गट केलात तर महिनाभरात सगळे मिळून मागे पडाल, हे मी खात्रीनं सांगतो. म्हणून पहिला आणि न मोडण्याचा नियम: प्रत्येक गणित आधी ज्यानं त्यानं एकट्यानं सोडवायचं, बोलणं त्यानंतर.

माणसं आणि जागा

चौघं पुरेत. तिघंही चालतील. सहा झाले की दोघं ऐकत बसतात आणि ऐकून गणित येत नाही. सगळ्यांची परीक्षा एकच असावी. कॅटच्या (आयआयएमच्या प्रवेश परीक्षेच्या) गणिताला सध्या 22 प्रश्नांसाठी 40 मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांहून जास्त. बँकेच्या पूर्वपरीक्षेत 35 प्रश्न 20 मिनिटांत उरकायचे असतात आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण जातो. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत. या तिन्ही परीक्षांत प्रश्न सोडून द्यायचा कधी आणि अंदाजानं ठोकायचा कधी, याचे हिशेब निराळे आहेत. मित्र कितीही जवळचा असला तरी तो बँकेची तयारी करत असेल तर त्याच्याबरोबर चहा प्या, सरावाला वेगळे बसा.

शिक्षण मात्र एकसारखं नको. बी.कॉम. केलेल्या मुलीला व्याज आणि सूट तोंडपाठ असते, इंजिनिअरिंगचा मुलगा प्रत्येक गोष्टीला एक्स मानून समीकरण मांडतो, आणि कला शाखेतून आलेला एखादा निव्वळ तर्कानं असा काही उत्तर काढतो की बाकीचे बघत राहतात. ही सरमिसळ जपा.

जागेचा प्रश्न कोल्हापुरात वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. राजारामपुरीपासून पेठांपर्यंत अभ्यासिका भरपूर आहेत, पण तिथे बोलायला मनाई, आणि ते योग्यच आहे. रंकाळ्यावर संध्याकाळी बसायचा मोह होतो. तिथली गर्दी आणि भेळेचे गाडे बघता 15 मिनिटं सलग डोकं चालणार नाही. कुणाच्या तरी घरची माडी किंवा पुढची खोली सगळ्यात उत्तम. नाहीतर शिवाजी विद्यापीठाच्या आवारात झाडाखाली, सकाळच्या वेळी. कागल, गडहिंग्लज किंवा पन्हाळ्याकडून एसटीनं येणारं कुणी गटात असेल तर बैठकीची वेळ त्याच्या परतीच्या गाडीवर बेता. शेवटची 20 मिनिटं ज्याचं लक्ष घड्याळाकडे असतं, तो त्या दिवशीच्या चर्चेतलं सगळ्यात मोलाचं ऐकत नाही.

आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास. रोज बसायचं ठरवलंत तर एकट्यानं सराव करायला दिवस उरणार नाहीत.

दोन तास कसे घालवायचे

पहिली दहा मिनिटं तोंडी. वही-पेन बाजूला. एकानं विचारायचं, फिरत्या क्रमानं बाकीच्यांनी सांगायचं. 30 पर्यंतचे पाढे, 30 पर्यंतचे वर्ग, 15 पर्यंतचे घन आणि अपूर्णांकांची शेकडेवारी. एक षष्ठांश म्हणजे 16.67 टक्के, एक सप्तमांश 14.29, एक अष्टमांश 12.5, एक नवमांश 11.11, अकरावा भाग 9.09, बारावा 8.33. हे पाठ असलं की 'गावाची लोकसंख्या 6400 आहे, दरवर्षी साडेबारा टक्क्यांनी वाढते, दोन वर्षांनी किती?' हे कागदावर लिहायची गरज उरत नाही. साडेबारा टक्के वाढ म्हणजे आठाचे नऊ झाले. 6400 चे 7200, 7200 चे 8100. संपलं. घरात आजी-आजोबा असतील आणि त्यांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी (म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सवा, दीडचे पाढे) घोकली असेल, तर एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. सवा आणि दीडचे हिशेब ते ज्या वेगानं करतात, तोच वेग आपल्याला हवा आहे.

मग फेरी. वीस प्रश्न, 15 मिनिटं, पूर्ण शांतता. मोबाइलवर गजर लावायचा आणि तो मोबाइल उपडा ठेवायचा. प्रश्न कुठलेही घ्या, पण एका फेरीत एकच प्रकरण नको. सगळे प्रश्न नफा-तोट्याचे असले की ओळखण्याचं काम आधीच झालेलं असतं, आणि परीक्षेत नेमकं ओळखण्यातच वेळ जातो. नवीन प्रकरण शिकताना पहिले एक-दोन दिवस तेवढंच करा, नंतर मिसळा.

गजर वाजला की पेन खाली. प्रत्येकानं आपली उत्तरं एका कागदावर रांगेत लिहून मध्ये ठेवायची, आणि उत्तरसूची अजून उघडायची नाही. ही गोष्ट सुरुवातीला फार जड जाते. सूची उघडली की चर्चा मरते, कारण मग सगळे आलेल्या उत्तराकडे पोचायची वाट शोधतात. ती बंद असते तोवर आपापल्या पद्धतीचं समर्थन करावं लागतं. ज्या प्रश्नावर दोन वेगळी उत्तरं आली, तिथे दोन्ही बाजूंनी एकेकानं मांडायचं. मोठ्या आवाजात सांगणाऱ्याचं ऐकायची सवय लागू देऊ नका. ओळीमागून ओळ तपासा. दहातल्या नऊ वेळा चूक कुठल्या ओळीत आहे ते तुमचं तुम्हालाच कळतं. सूची सगळ्यात शेवटी, शिक्कामोर्तबासाठी.

आणि ज्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांचं एकच आलं, तो सोडून पुढे जाऊ नका. खरा खजिना तिथेच आहे. एक नमुना बघा.

एका शेतातला ऊस एक टोळी 12 दिवसांत तोडते, दुसरी 18 दिवसांत. दोन्ही टोळ्यांनी मिळून सुरुवात केली. 4 दिवसांनी पहिली टोळी निघून गेली. उरलेला ऊस दुसऱ्या टोळीला किती दिवस पुरेल?

शाळेतली पद्धत अशी: एका दिवसाचं दोघींचं काम 1/12 अधिक 1/18, म्हणजे 5/36. चार दिवसांत 20/36. उरलं 16/36, म्हणजे 4/9. त्याला 18 ने गुणलं की 8 दिवस. बरोबर आहे, पण अपूर्णांक बरेच झाले.

दुसऱ्याच्या वहीत हे असेल: 12 आणि 18 चा लसावि 36, म्हणून एकूण काम 36 गाड्या समजू. पहिली टोळी रोज 3 गाड्या, दुसरी 2. चार दिवसांत 20 गाड्या झाल्या, 16 उरल्या, रोज 2 प्रमाणे 8 दिवस. अपूर्णांक पार गेले. बहुतेक क्लासमध्ये हीच पद्धत शिकवतात आणि ती चांगली आहे.

तिसरीनं काहीच लिहिलेलं नाही. तिला बोलतं करा.

"पहिल्या टोळीनं चार दिवसांत किती तोडला?"

"बारातले चार. तिसरा हिस्सा."

"मग राहिलेला कुणी तोडला?"

"दुसरीनंच की. दोन तृतीयांश. तिला पूर्ण शेताला 18 लागतात, म्हणजे याला 12. त्यातले 4 होऊन गेलेत. उरले 8."

दहा सेकंद. उरलेलं काम काढायच्या भानगडीतच ती पडली नाही, कोण किती दिवस राबलं एवढंच पाहिलं. ही नजर पुस्तकातून उचलणं कठीण आहे, समोर बसलेल्या माणसाकडून ती एका संध्याकाळीत मिळते. पण इथे थांबू नका. लगेच प्रश्न थोडा वाकवा: पहिली टोळी काम संपायच्या 3 दिवस आधी गेली असती तर एकूण किती दिवस लागले असते? आता तिसरी पद्धत सरळ चालत नाही, आणि 36 गाड्यांची पद्धत कामाला येते. पहिली टोळी ते 3 दिवस थांबली असती तर 9 गाड्या जास्त भरल्या असत्या, म्हणजे 45. दोघी मिळून रोज 5. नऊ दिवस. कुठली वाट कुठे चालते हे एका प्रश्नावर कळत नाही, जोडीला वाकवलेला दुसरा प्रश्न लागतो. म्हणून वीसपैकी दोन-तीनच प्रश्न असे खोल घ्या, पण घ्या नक्की.

समजावून सांगायची पाळी शक्यतो ज्याचं चुकलं होतं त्याच्यावर द्या. चर्चा ऐकून झाल्यावर त्यानं ते गणित पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांना सांगायचं. मान डोलावणं आणि समजणं यातला फरक तिथे उघडा पडतो. ज्याला सगळ्यात आधी उत्तर येतं त्यानं सगळ्यात शेवटी बोलायचं, हाही नियम करून टाका. हुशार मुलाला तो सुरुवातीला जाचतो, पण त्याच्या घाईमुळे बाकीच्या तिघांचा विचार अर्ध्यात तुटत असतो. आणि "एवढं सोपं येत नाही?" हे वाक्य त्या खोलीत कुणीही कधीही उच्चारायचं नाही. मराठी माध्यमातून, गावाकडच्या कॉलेजातून आलेली एखादी मुलगी हे एकदा ऐकते आणि नंतर अडलं तरी विचारत नाही. गटाचं याहून मोठं नुकसान नाही.

पर्यायांकडे बघायला शिका

कोल्हापूर ते पन्हाळा सुमारे 20 किलोमीटर. जाताना चढाला ताशी 30 चा वेग, येताना 60. संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती? पर्याय: 36, 40, 45, 48, 50.

नव्यानं बसणाऱ्या गटात निम्मे जण 45 म्हणतात. त्यांना सूत्र देऊ नका, वेळ मोजायला लावा. जायला 40 मिनिटं, यायला 20. एका तासात 40 किलोमीटर. उत्तर 40. मग विचारा, अजिबात न मोजता किती पर्याय कटले असते? गाडी जास्त वेळ हळू चालली, म्हणजे सरासरी 45 च्या खाली हवी. पाचातले तीन तिथेच गेले. चुकीला गुण कापत नसताना पाचातून दोनावर येणं हे फार मोठं काम आहे. प्रत्येक फेरीत एक प्रश्न असा निवडा, ज्यात उत्तर काढायचंच नाही, फक्त कुठले पर्याय शक्य नाहीत ते कारणासह सांगायचं.

तक्त्यांच्या प्रश्नांना एक वेगळी सवय लावा. पहिलं मिनिट कुणीही आकडेमोड करायची नाही, नुसता तक्ता वाचायचा. एकक काय आहे, टनात की हजार टनात, टक्के कशाचे आहेत, एकूण दिली आहे का. मग प्रत्येकानं एक निरीक्षण सांगायचं. तक्त्यावरचे बरेचसे प्रश्न अंदाजानं सुटतात. 4,987 ला 5,000 मानायला घाबरू नका.

पेपर इंग्रजीत असतो

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी हा अडथळा खरा आहे आणि त्याला लाजायचं कारण नाही. मसावि म्हणजे एचसीएफ, लसावि म्हणजे एलसीएम, छापील किंमत म्हणजे मार्क्ड प्राइस, मुद्दल म्हणजे प्रिन्सिपल, अशी एक यादी वहीच्या पहिल्या पानावर करा. शब्दांपेक्षा वाक्यरचना जास्त घात करते. 'अ‍ॅट लीस्ट' आणि 'अ‍ॅट मोस्ट', 'ऑफ' आणि 'बाय', 'मोअर दॅन' आणि 'लेस दॅन'. ए हा बी पेक्षा 25 टक्क्यांनी जास्त असेल तर बी हा ए पेक्षा 25 टक्क्यांनी कमी नसतो, 20 टक्क्यांनी कमी असतो: 100 चे 125 झाले, पण 125 मधून 25 जाणं म्हणजे पाचवा हिस्सा जाणं. प्रश्न मोठ्यानं इंग्रजीत वाचायचा, त्यात काय दिलंय आणि काय विचारलंय ते मराठीत सांगायचं, मग सोडवायचं. महिनाभर हे केलं की मनातल्या मनात आपोआप व्हायला लागतं.

चुकांची वही

गटाची एकच वही ठेवा, तारखेप्रमाणे. बरोबर आलेलं त्यात काहीच लिहायचं नाही. चूक कुणाची झाली तेही लिहू नका, चूक कसली झाली ते लिहा. वाचायला चुकलो (विचारला होता नफा, काढली विक्री किंमत). कल्पनाच माहीत नव्हती. आकडेमोड घसरली. किंवा वेळ चुकला: प्रश्न सुटला, पण तीन मिनिटं खाल्ली. या चौथ्या जातीला लोक चूक मानत नाहीत, आणि सीईटीत सगळ्यात जास्त गुण तीच नेते. परीक्षा अनेक सत्रांत होते, निकाल पर्सेंटाइलमध्ये (किती टक्के परीक्षार्थी तुमच्या मागे आहेत यावर) लागतो, आणि अवघड प्रश्नाला सोप्यापेक्षा जास्त गुण नसतात. अडलेला प्रश्न सोडून पुढचे तीन सोपे उचलणारा पुढे जातो.

प्रश्न स्वतः तयार करा

एक-दोन महिने झाले की दर बैठकीला प्रत्येकानं एक प्रश्न स्वतः रचून आणायचा. आकड्यांसाठी लांब जायला नको. पावसाळ्यात सगळं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहत असतं: पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. गुजरीतल्या सराफांकडे 24, 22 आणि 18 कॅरेटचं सोनं आहे, म्हणजे मिश्रणाची गणितं आयती. दूध डेअरीत फॅट मोजतात. 3.5 फॅटचं गाईचं आणि 6 फॅटचं म्हशीचं दूध किती प्रमाणात मिसळलं की 4.5 होईल? 4.5 पासून अंतरं 1 आणि 1.5, ती उलटी केली की गाय-म्हैस 3:2. प्रश्न रचताना कुठली माहिती काढली तर तो सुटेनासा होतो आणि कुठली काढूनही सुटतो हे बघावं लागतं. एकदा ते दिसायला लागलं की दुसऱ्यानं रचलेल्या प्रश्नातली निरुपयोगी माहितीही पटकन डोळ्यांत भरते.

शेवटचा महिना

आता एकत्र सोडवणं बंद. संपूर्ण 200 प्रश्नांच्या सराव परीक्षा ज्यानं त्यानं आपापल्या घरी, एकाच दिवशी, एकाच वेळी, संगणकावर द्यायच्या. प्रश्न पडद्यावर आणि आकडेमोड कोऱ्या कागदावर, कारण परीक्षेत तसंच आहे. पडद्यावरचा प्रश्न कागदावर पुन्हा उतरवून काढायची खोड असेल तर ती इथेच मोडा. दुसऱ्या दिवशी भेटून फक्त बोलायचं: कुणी कुठला प्रश्न सोडला, का सोडला, कुठे अडकून बसला. नवीन प्रकरण या काळात कुणी काढलं तर त्याला थांबवा. चुकांची वही मात्र पहिल्या पानापासून दोनदा वाचा.

पहिल्या बैठकीसाठी सहा प्रश्न

साडेचार मिनिटं लावा. जमले नाहीत तरी चालेल, पण गजर वाजल्यावर पेन ठेवा.

1. कोल्हापुरी चपलेची छापील किंमत 1500 रुपये. आधी 20 टक्के सूट, उरलेल्या किमतीवर आणखी 10 टक्के. किती द्यावे लागतील?

2. व्यापाऱ्यानं 3000 किलो गूळ 42 रुपये किलोनं घेतला. त्यातला 5 टक्के खराब झाला. एकूण खर्चावर 14 टक्के नफा हवा असेल तर उरलेला गूळ काय भावानं विकावा?

3. 18 कॅरेटच्या 30 ग्रॅम सोन्यात किती ग्रॅम शुद्ध 24 कॅरेट सोनं घातलं की ते 22 कॅरेटचं होईल?

4. ताशी 54 किलोमीटर वेगानं जाणारी 240 मीटर लांबीची रेल्वे 360 मीटरचा पूल किती सेकंदांत ओलांडेल?

5. रंकाळ्याला एक फेरी मारायला आईला 45 मिनिटं लागतात, मुलीला 36. एकाच जागेवरून, एकाच वेळी, विरुद्ध दिशांना निघाल्या तर पहिल्यांदा किती मिनिटांनी समोरासमोर येतील?

6. पंचगंगा 39 फुटांवर आहे. पहिले 8 तास पाणी ताशी 3 इंचांनी वाढलं, नंतर ताशी 2 इंचांनी. 43 फुटांना पोचायला एकूण किती तास लागतील?

उत्तरं, ती शेवटीच बघायची: 1080 रुपये, 50 रुपये 40 पैसे, 60 ग्रॅम, 40 सेकंद, 20 मिनिटं, 20 तास. दुसऱ्या प्रश्नात 3000 या आकड्याला ज्यांनी हातच लावला नाही, त्यांना सगळ्यांसमोर ते कसं केलं हे सांगायला लावा.